डोकं मॅट्रिक्समध्ये, अंग टेम्पोत: नव्या खेळाडूंसाठी शॅडोरनमधलं व्हीआर

शॅडोरन हा टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचा रोल-प्लेइंग गेम: प्रत्येकजण भविष्यातल्या जगातलं एक पात्र चालवतो आणि गोष्ट पुढे नेतो तो जीएम, म्हणजे गेम मास्टर. त्याच्या टेबलवर नवा खेळाडू डेकर, म्हणजे हॅकरचं पात्र, घेऊन बसला की तासाभरात त्याचा एक प्रश्न येतोच: "मी आत्ता नक्की कुठे आहे?" इमारतीच्या कॅमेऱ्यात, मॅट्रिक्समध्ये, म्हणजे त्या जगातल्या इंटरनेटमध्ये, की खाली उभ्या असलेल्या गाडीत? याचं उत्तर ज्याला खेळाच्या प्रत्येक क्षणी देता येतं, त्याला डेकर जमला. बाकीचे नियम पुस्तकात बघता येतात, जीएमला विचारता येतात. तेव्हा मेंदू आणि मशीनच्या मध्ये काय काय बसलेलं असतं, त्यातली कुठली कडी तुटली की काय होतं आणि तेवढा वेळ तुमच्या पात्राचं अंग कुणाच्या भरवशावर असतं, एवढं या लेखात घेऊया.

आधी आवृत्तीचं बघून घ्या. शॅडोरन १९८९ सालापासून चालू आहे आणि आवृत्तीगणिक यातली यंत्रं बदलत गेली. २००५ च्या चौथ्या आवृत्तीत मॅट्रिक्स वायरलेस झालं. त्याआधीचा डेकर डेकची, म्हणजे त्याच्या हॅकिंगच्या मशीनची, तार भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचून आत जायचा. इंटरनेटवर शोधाल तर जुने-नवे नियम एकत्र कालवलेले सापडतील. खाली दिलेले सगळे आकडे २०१३ च्या पाचव्या आवृत्तीतले आहेत. पुस्तकातलं मुख्य शहर सिअ‍ॅटल आहे. आम्ही दादरला खेळतो आणि मोहीम मुंबईतच घडवतो, म्हणून उदाहरणं इथली. नियम मात्र जसेच्या तसे.

पहिली पायरी: साखळी ओळखा

मॅट्रिक्समधलं दृश्य तुमच्या पात्राच्या मेंदूपर्यंत तीन कड्यांतून पोहोचतं.

पहिली कडी म्हणजे मशीन: साधा माणूस असेल तर कॉमलिंक (त्या जगातला मोबाइल), डेकर असेल तर सायबरडेक. दुसरी कडी सिम मॉड्यूल. मशीनमधला डेटा मेंदूला कळेल अशा संवेदनांमध्ये बदलायचं काम याचं. दिसणं, ऐकू येणं, वास, स्पर्श, तोल या सगळ्याला मिळून खेळात सिमसेन्स म्हणतात. तिसरी कडी म्हणजे मेंदूशी थेट जोडणी, डीएनआय. ती तीन प्रकारे मिळते. डोक्याला ट्रोड्स लावा, कवटीत डेटाजॅक, म्हणजे जोडणीचं सॉकेट, बसवून घ्या, नाहीतर कॉमलिंक किंवा डेकच शरीरात रोपण करून घ्या.

ट्रोड्स आणि डेटाजॅक यांतला फरक नीट समजून घ्या, कारण पात्र बनवताना इथेच पैसे आणि अंग दोन्ही खर्ची पडतात. ट्रोड्स ७० न्यूयेनला (न्यूयेन हे खेळातलं चलन) मिळतात, डोक्यावर चढवायचे आणि काढून ठेवायचे. शरीराला काही होत नाही. डेटाजॅक १,००० न्यूयेनचा, आणि त्यासाठी ०.१ इसेन्स जातो. इसेन्स, म्हणजे अंग किती शाबूत आहे याचा आकडा, सगळ्यांचा ६ पासून सुरू होतो आणि शरीरात धातू घातला की कमी होतो. जादू करणाऱ्या पात्राला ०.१ सुद्धा महागात पडतो, डेकरला सहसा नाही. शिवाय डेटाजॅक वायरलेस चालू असेल तर सिग्नलमधला गोंगाट एकाने कमी करतो. ट्रोड्समध्ये ही सोय नाही. आणि भांडणात कुणी ट्रोड्स ओढून काढू शकतं. माझ्या मते पहिल्या पात्राला डेटाजॅकच द्यावा.

ट्रोड्स कशावरून सुचले असतील हे ज्यांनी ईईजी काढलेला पाहिला आहे त्यांना सांगायला नको. टेक्निशियन केस बाजूला सारून टाळूवर एकेक जागा शोधतो, पेस्ट लावतो, इलेक्ट्रोड चिकटवतो. पडद्यावर रेषा हलू लागतात आणि पेशंटने नुसती पापणी मिटली तरी त्या उसळतात. हान्स बर्गरने माणसाच्या मेंदूचे असे तरंग पहिल्यांदा १९२४ मध्ये टिपले. पण ईईजी फक्त वाचतो, आणि तेही कवटीच्या बाहेरून, अगदी क्षीण सिग्नल. मेंदूत इलेक्ट्रोड रोवून संगणक चालवण्याच्या आजच्या प्रयोगांतही मुख्यतः वाचनच होतं: पेशंट हात हलवायचा विचार करतो आणि पडद्यावरचा कर्सर हलतो. उलट दिशेने, म्हणजे मशीनकडून मज्जातंतूकडे, रोज काम करणारं उपकरण म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांट. ते कानातल्या मज्जातंतूला विजेचे झटके देऊन आवाज पोहोचवतं. शॅडोरनची कल्पना अशी की या दोन्ही दिशा सगळ्या इंद्रियांसाठी, आणि तेही कवटी न उघडता, शक्य झाल्या आहेत. एवढं एक गृहीत धरलं की पुढचं सगळं तर्काने चालतं. या खेळाचं मला म्हणूनच कौतुक वाटतं.

दुसरी पायरी: तीन मोडपैकी एक निवडा

एआरमध्ये (ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी) पात्र जागं असतं. समोरच्या रस्त्यावरच मॅट्रिक्सच्या खिडक्या, बाण, पाट्या तरंगताना दिसतात. यासाठी डीएनआयची गरज नाही. इमेज लिंक असलेला चष्मा आणि इअरबड्स पुरतात. चालता येतं, गोळी चुकवता येते. मॅट्रिक्समधून येणारा बायोफीडबॅक, म्हणजे तिथल्या हल्ल्याचा अंगावर होणारा परिणाम, इथे मेंदूपर्यंत पोहोचत नाही, कारण सिम मॉड्यूल मधे नाहीच. डेकवर हल्ला झाला तर डेक खराब होईल, पण डोकं शाबूत राहील.

व्हीआरमध्ये (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी) डोळ्यांपुढचं जग जातं आणि फक्त मॅट्रिक्स उरतं. यात दोन प्रकार. कोल्ड-सिम कायदेशीर आहे; संवेदना एका मर्यादेत ठेवल्या जातात आणि बायोफीडबॅकची इजा स्टन म्हणून, म्हणजे नुसती बधिर करणारी, लागते. हॉट-सिममध्ये ती मर्यादा काढून टाकलेली असते. मॅट्रिक्समधल्या कृतींना दोन फासे जास्त मिळतात, वेग वाढतो, आणि इजा फिजिकल लागते. म्हणजे मॅट्रिक्समध्ये मार खाऊन माणूस खरोखर मरू शकतो. साध्या सिम मॉड्यूलमध्ये हॉट-सिम बसवून घ्यावं लागतं आणि ते बेकायदा आहे. सायबरडेकमध्ये ते आधीच असतं.

वेगाचा फरक आकड्यांत बघा. समजा आपल्या डेकरचं टोपणनाव चकवा. त्याच्या क्षमतांचे आकडे: रिअ‍ॅक्शन ३, इन्ट्यूशन ४, लॉजिक ५, विलपॉवर ३, हॅकिंग ५. डेक सगळ्यात स्वस्तातला, एरिका एमसीडी-१. या डेकला ४, ३, २, १ असे चार आकडे मिळतात आणि ते अटॅक (हल्ला), स्लीझ (चोरून शिरणं), डेटा प्रोसेसिंग, फायरवॉल (बचाव) यांना हवे तसे वाटता येतात. चकव्याने स्लीझला ४, डेटा प्रोसेसिंगला ३, फायरवॉलला २ आणि अटॅकला १ दिला.

एआरमध्ये त्याचा इनिशिएटिव्ह, म्हणजे पाळ्या ठरवणारा आकडा, रिअ‍ॅक्शन अधिक इन्ट्यूशन, म्हणजे ७ आणि वर एक फासा. कोल्ड-सिममध्ये डेटा प्रोसेसिंग अधिक इन्ट्यूशन, तेही ७च, पण वर तीन फासे. हॉट-सिममध्ये ७ आणि चार फासे. सरासरी काढली तर अनुक्रमे साडेदहा, साडेसतरा आणि एकवीस. प्रत्येक पाळीनंतर १० वजा होतात आणि शून्याच्या वर काही उरलं तर पुन्हा पाळी मिळते. तीन सेकंदांच्या एका कॉम्बॅट टर्नमध्ये एआरमधला चकवा एकदा हलेल, फासा चांगला पडला तर दोनदा. कोल्ड-सिममध्ये दोनदा, हॉट-सिममध्ये बऱ्याचदा तीनदा. पहारेकरी जिन्यावरून वर येईपर्यंत कुलूप उघडायचं असेल तर ही तिसरी पाळी सोन्याच्या मोलाची असते. माणसं हॉट-सिमचा धोका पत्करतात ते यासाठी.

फाशांचंही तसंच. चोरून शिरायला हॅकिंग अधिक लॉजिक, म्हणजे दहा फासे. ५ किंवा ६ पडला की एक हिट. हॉट-सिममध्ये बारा फासे. पण मर्यादा स्लीझची, म्हणजे चारच हिट धरल्या जातात. बारा फाशांची सरासरी बरोबर चार. या स्वस्त डेकवर हॉट-सिमचा पुरेपूर उपयोग होतो. त्याहून जास्त फासे गोळा करत बसण्यापेक्षा पुढचे पैसे चांगल्या डेकसाठी ठेवा.

तिसरी पायरी: अंगाची सोय लावा

हे नवे खेळाडू हमखास विसरतात, आणि सगळ्यात जास्त महत्त्वाचं हेच आहे.

व्हीआरमध्ये शिरताना सिम मॉड्यूल आरएएस ओव्हरराइड चालू करतं. आरएएस म्हणजे रेटिक्युलर अ‍ॅक्टिव्हेटिंग सिस्टिम. मेंदूच्या देठातली ही यंत्रणा खरी आहे. माणसाला जागं ठेवण्यातला तिचा भाग मोरूझी आणि मॅगून यांनी १९४९ मध्ये दाखवून दिला. खेळात सिम मॉड्यूल तिच्यावर ताबा मिळवतं, म्हणजे मॅट्रिक्समध्ये हात उचललात तर खरा हात उचलला जाऊ नये. परिणामी पात्राचं अंग सैल पडतं, गाढ झोपल्यासारखं. उभ्याने व्हीआरमध्ये गेलात तर कोसळाल. बाइकवर गेलात तर जीएमला फासे टाकायचीही गरज पडणार नाही.

म्हणून "मी व्हीआरमध्ये जातो" या वाक्याच्या आधी तीन गोष्टी जीएमला सांगायची सवय लावा: अंग कुठे आहे, दार कुणी लावलंय, शेजारी कोण आहे. आमच्या एका प्रसंगात बीकेसीतल्या एका काचेच्या इमारतीसमोर मालवाहू टेम्पो उभा होता, चकवा मागच्या हौद्यात खोक्यांना पाठ लावून बसलेला, आणि स्ट्रीट समुराई, म्हणजे लढवय्याचं पात्र, खेळणारी मैत्रीण त्याच्याजवळ.

"हॉट जातोय गं. ताडपत्री ओढून घे."

"किती वेळ?"

"दोन टर्न. फार तर तीन."

"तीन म्हणजे नऊ सेकंद. दहाव्याला मी तुझे ट्रोड्स उपटून काढणार."

"अगं, उपटू नकोस! आधी मला एआरमध्ये येऊ दे."

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. तिला पहारेकरी दिसत होता, त्याला डम्पशॉक, म्हणजे जोडणी अचानक तुटल्याचा धक्का.

चौथी पायरी: बाहेर कसं पडायचं ते आत जाण्याआधी ठरवा

व्हीआरमधून शहाण्यासारखं बाहेर यायचं तर आधी मोड बदलून एआरमध्ये या, मग निघा. मोड बदलायला एक सिंपल अ‍ॅक्शन लागते. हे न करता जोडणी तुटली, म्हणजे कुणी ट्रोड्स ओढले, डेक निकामी झाला, किंवा तुम्हीच झटक्यात जॅक आऊट केलं (जोडणी तोडून टाकली), तर डम्पशॉक बसतो. इंद्रियांना एका जगातून दुसऱ्या जगात फेकल्याचा तो धक्का.

डम्पशॉकची इजा ६. कोल्ड-सिममध्ये स्टन, हॉट-सिममध्ये फिजिकल. ती अडवायला विलपॉवर अधिक फायरवॉल एवढे फासे: चकव्याचे ३ आणि २, म्हणजे पाच. सरासरी दीडेक हिट. इजेची चार-पाच घरं भरणार, आणि बॉडी ३ असेल तर एकूण घरंच दहा. डेकच निकामी होऊन बाहेर फेकला गेला असेल तर फायरवॉलही गेली. मग फक्त विलपॉवरचे तीन फासे. वर (१० वजा विलपॉवर) एवढी मिनिटं, म्हणजे चकव्याला सात मिनिटं, सगळ्या कृतींना दोन फासे कमी. सात मिनिटांत एकशे चाळीस कॉम्बॅट टर्न होतात. चालू चकमक तर या धुंदीतच संपते.

त्याहून वाईट म्हणजे लिंक-लॉक. शत्रूच्या प्रोग्रामने किंवा डेकरने तुम्हाला पकडून ठेवलं की मोड बदलता येत नाही, डेक रीबूट करता येत नाही. विरार फास्टमध्ये चढून बोरिवलीला उतरू पाहणाऱ्याची जी गत होते तीच इथे: दार समोर दिसतं, पण अंग हलत नाही. अशा वेळी जॅक आऊटचा फासा टाकायचा, हार्डवेअर अधिक विलपॉवर, समोरच्याच्या लॉजिक अधिक अटॅकविरुद्ध. म्हणून डेकरने हार्डवेअर कौशल्य शून्य ठेवू नये. नवे खेळाडू सगळे गुण हॅकिंगमध्ये ओततात आणि नेमके इथे अडकतात. यशस्वी झालात तरी डम्पशॉक आहेच. हा सगळा हिशेब सुरू असताना समोर ब्लॅक आयसी, म्हणजे जीवघेणं रक्षक सॉफ्टवेअर, असेल, तर ते डेकला आणि तुम्हाला एकाच वेळी मारत असतं. बायोफीडबॅक फिल्टर नावाचा प्रोग्रॅम अशा इजेविरुद्ध दोन फासे जास्त देतो. एरिकावर एका वेळी एकच प्रोग्रॅम चालतो. हॉट-सिममध्ये जाताना मी तिथे हाच ठेवायला सांगेन.

आणखी एक घड्याळ मागे चालू असतं, ओव्हरवॉच स्कोअर. प्रत्येक बेकायदा कृतीला समोरच्याने मिळवलेल्या हिट्स त्यात जमा होतात, शिवाय दर पंधरा मिनिटांनी जीएम गुपचूप दोन फाशांची बेरीज वाढवतो. ४० झाले की मॅट्रिक्सचे पोलीस डेकवर १२ ची इजा टाकतात, रीबूट लादतात आणि तुमचं खरं ठिकाण कळवून टाकतात. व्हीआरमध्ये असाल तर डम्पशॉकही. तीसच्या आसपास पोहोचल्याचा अंदाज आला की स्वतःहून बाहेर पडा. रीबूट केलं की स्कोअर पुन्हा शून्यावर.

पाचवी पायरी: अंतर मोजा

घरात पंख्याखाली पडून सगळं शहर हॅक करता आलं असतं तर टेम्पो, ताडपत्री, पहारेकरी यांचं प्रयोजनच उरलं नसतं. खेळ ते होऊ देत नाही, कारण गोंगाट. ज्या यंत्रावर काम करायचं त्याच्यापासून शंभर मीटरच्या आत असाल तर काहीच वजा होत नाही. एक किलोमीटरपर्यंत एक फासा जातो, दहा किलोमीटरपर्यंत तीन, शंभरपर्यंत पाच, आणि त्यापलीकडे आठ. दादरला बसून बीकेसीतल्या दाराचं कुलूप उघडायचं तर चकव्याचे दहाचे सात फासे होतील. बोरिवलीहून चर्चगेटजवळचं उघडायचं तर पाच. पुण्याहून मुंबईतलं उघडू पाहिलं तर दोन. डेटाजॅक यातला एक परत मिळवून देतो.

गर्दीनेही गोंगाट वाढतो, कारण हजारो कॉमलिंक एकाच वेळी हवेत बडबडत असतात. आमच्या मोहिमेत विसर्जनाच्या दिवशी लालबागमध्ये कुणी रिमोटने कॅमेरा हॅक करू म्हणालं तर मी गोंगाट लावतेच, आणि तो किती हे जीएमने आधी सांगावं, म्हणजे खेळाडूला बेत बदलायची संधी मिळते. यावरचा हमखास उपाय म्हणजे केबल. यंत्राला थेट तार जोडली की गोंगाटाचा प्रश्न संपतो. अर्थात त्यासाठी कुणाला तरी त्या दारापर्यंत जावं लागतं, आणि तिथेच टीमच्या बाकीच्यांना काम मिळतं.

खरेदी आणि पहिलं सत्र

नुसता अनुभव घ्यायचा असेल तर व्हीआर स्वस्त आहे: मेटा लिंक कॉमलिंक १००, सिम मॉड्यूल १००, ट्रोड्स ७०, एकूण २७० न्यूयेन. एवढ्यात तुमचं पात्र कोल्ड-सिममध्ये फिरू शकतं, बैठकीला हजर राहू शकतं. हॅक करू शकत नाही, कारण कॉमलिंकला अटॅक आणि स्लीझ नसतात. ते हवे तर एरिकाचेच ४९,५०० मोजावे लागतात. पात्र बनवताना पैशांना वरचा प्राधान्यक्रम द्यावा लागतो तो यामुळे. डेकर करायचा की नाही हे ठरत नसेल तर २७० वालं पात्र घेऊन एक सत्र खेळून बघा.

सिमसेन्सचा एक अंधारा कोपराही पुस्तकात आहे. बीटीएल चिप्समध्ये रेकॉर्ड केलेल्या संवेदना सुरक्षित मर्यादेपलीकडे ताणलेल्या असतात, आणि त्यांचं व्यसन माणसाला संपवतं. ज्यांच्या घरात व्यसनाने माणूस गेला आहे असे लोक तुमच्या टेबलवर असू शकतात. हा विषय आणायचा असेल तर जीएमने आधी प्रत्येकाला वेगळं विचारावं, आणि एकजण जरी नको म्हणाला तरी ठेवू नये.

सायबरपंकचा व्हिडिओ गेम खेळून सायबरपंक रेड या दुसऱ्या रोल-प्लेइंग गेमकडे आलेल्यांनी लक्षात ठेवावं की तिथलं यंत्र वेगळं आहे. नेटरनरला, म्हणजे तिथल्या हॅकरला, अ‍ॅक्सेस पॉइंटच्या सहा मीटरच्या आत स्वतः जावं लागतं, आणि व्हर्च्युअ‍ॅलिटी गॉगलमुळे नेटचं दृश्य खऱ्या जगावर दिसतं. अंग सैल पडत नाही. वर लिहिलेलं तिथे लावू नका.

शॅडोरनसाठी एक कोरं कार्ड घ्या. वरच्या ओळीत तीन चौकटी: एआर, कोल्ड, हॉट. मोड बदलला की त्यावरचं नाणं सरकवायचं. खाली अंग कुठे आहे आणि शेजारी कोण, हे पेन्सिलीने, कारण ते दर प्रसंगाला बदलतं. त्याखाली डम्पशॉक अडवायचे फासे आणि किती मिनिटं धुंदी राहणार तो आकडा, आधीच काढून ठेवलेला. कार्ड टेबलच्या मध्यभागी ठेवा, म्हणजे टेम्पोत बसलेल्या मैत्रिणीलाही ते दिसेल. आणि फासे बारा आणा. हॉट-सिममध्ये गेलात की तेवढे लागतील.